दगडाच्या कडेआतली हरळी

लिहून ठेवणार: इंदुबाई, कै. रामराव भोयर यांची पत्नी, वय सेहेचाळीस, काम घरचे व वाडीचे, राहणार मौजे कळंब, जिल्हा यवतमाळ.

आज मी शुद्धीवर आहे, माझ्याच घरात माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. असे लिही म्हणून कोणी माझ्यामागे लागलेले नाही. लिहू नको म्हणणारे मात्र आहेत. माझ्या पोटात गाठ आहे. या महिनाअखेर नागपूरला ती कापून काढायची ठरली आहे. डॉक्टर म्हणाले, एकदा मुळासकट काढली की पुन्हा येणार नाही. मी त्यांना आमच्या वाडीतल्या लव्हाळ्याच्या गवताबद्दल काही बोलले नाही.

मी परत येईन किंवा येणार नाही. आले नाही आणि काही लिहून ठेवले नाही, तर माझ्या घरातले एक माणूस तेराव्याच्या आधी रस्त्यावर येईल. तेवढ्यासाठी हा कागद.

१. माझ्या ताब्यात काय आहे ते आधी सांगते. गावातले कौलारू घर, घराला लागून विहिरीसह वाडी, आणि नाल्यापलीकडचे कापसाचे वावर. हे सगळे माझे यजमान रामराव यांचे. ते साठ साली वारले. आम्हाला मूलबाळ नाही, सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या. म्हणून छप्पन सालच्या नव्या कायद्याप्रमाणे सगळे माझ्या एकटीच्या नावावर चढले. पटवारी नाव चढवून घरी आला तेव्हा म्हणाला, "आता तुम्ही पूर्ण मालकीण झालात बाई, कोणाचा वाटा नाही." त्याच्यासाठी पाणी घेऊन हंसाबाई शेजारी उभी होती. मला त्याच्याकडे बघता आले नाही, तिच्याकडेही नाही. मी पेल्याकडे बघत राहिले.

२. नाल्यापलीकडचे वावर माझे दीर बापूजी भोयर यांना द्यावे. ते वडिलोपार्जित आहे, त्यांचे मन त्यात आहे. खरे सांगायचे तर यात थोडी भीतीही आहे. वावर मिळाले तर ते घर आणि वाडीसाठी भांडणार नाहीत असे मला वाटते. दान करताना मनात सौदा असू नये असे माझे वडील म्हणत. तो माझ्या मनात आहे.

३. राहते घर व वाडी, विहीर, झाडे, अवजारे आणि घरातले भांडेकुंडे यांसह, हंसाबाई राठोड हिला द्यावे. नुसते राहण्यापुरते नाही. कायमचे, विकायचे झाले तर विकण्याच्या हक्कासह.

४. हंसाबाई कोण, हे लिहिल्याशिवाय वरचे कलम टिकणार नाही, असे मला सांगण्यात आले आहे.

छप्पन सालच्या पावसाळ्यात ती आमच्या वाडीत गवत निंदायला आली. जवळच्या तांड्यावरची, तरुणपणीच नवरा गेलेली. दिवाळीपर्यंत ती घरात राहायला आली होती. रामरावांनी मला विचारले नाही आणि मीही त्यांना विचारले नाही. एका सकाळी चुलीपुढे दोघी होतो, एवढेच. लग्नाचे कोणी काढले तर ते म्हणत, "सरकारनं दुसरं लग्नच बंद केलं, म्या काय करू?" कायद्याचे निमित्त त्यांना बरे सापडले. ज्या कायद्याने मला मालकीण केले, त्याच्याच जोडीच्या कायद्याने तिला कोणीच केले नाही. तांड्याने तिचे नाव टाकले. तिचा भाऊ आठवडी बाजारात दिसला तर रस्ता बदलतो. तिला परत जायला जागा नाही.

माझी जाऊ विमलताई हिने तेव्हा एक वाक्य काढले, ते अजून गावात फिरते: "निंदायले आली अन् रुजून बसली." हळदीकुंकवाला हे म्हटले की बायका पदर तोंडाला लावून हसतात. मी हसत नाही. पण मी त्यांना थांबवतही नाही, आणि वाटली डाळ पुढे करते.

मूल तिलाही झाले नाही. तोवर सारे माझ्याकडे बोट दाखवत. नंतर ते बोट कोणी तिसरीकडे वळवले नाही, नुसते खाली घेतले. एकदा विहिरीवर सासूबाई पुन्हा त्यावरून काही बोलल्या, तेव्हा हंसाबाई बादली ओढता ओढता म्हणाली, "वाफे दोन अन् बी एकच, आजी. वाफ्याले कायले बोल लावता?" सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. लग्न होऊन वीस वर्षांत माझ्या बाजूने बोललेले ते पहिले वाक्य. ते तिने बोलावे, मी नाही, याची मला तेव्हाही लाज वाटली.

५. गेल्या आठवड्यात मी यवतमाळला कचेरीच्या आवारात एका अर्जनवीसाकडे गेले होते. मृत्युपत्र रीतसर असावे म्हणून. हंसाबाई बरोबर होती, मला आता एकटीला एसटीत चढवत नाही. अर्जनवीस वयस्क, सभ्य गृहस्थ. बाकावर तीन-चार पुरुष आपापल्या कामाची वाट बघत बसलेले. त्याने विचारले, "घर कोणाच्या नावे करायचं?"

"हंसाबाई राठोड."

"राठोड? तुम्ही भोयर ना? नातं काय लिहू?"

बाकावरचे पुरुष बोलायचे थांबले. माझ्या तोंडून निघाले, "ती वाडीत निंदायला येते."

ती माझ्यामागे पिशवी धरून उभी होती. मी वळून पाहायच्या आत म्हणाली, "हो साहेब. निंदायलेच येतो."

माझी अब्रू राखायला तिने स्वतःची तिथल्या तिथे टाकून दिली, आणि मी ती टाकू दिली. अर्जनवीसाने लेखणी खाली ठेवली. "बाई, निंदणाऱ्या बाईला कोणी घर देतं का? उद्या तुमचे दीर कोर्टात म्हणतील, बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अन् न्यायाधीशाला ते पटेल. खरं कारण असल तर लिहा, नाही तर हा कागद टिकायचा नाही."

त्याने केलेला अर्धवट मसुदा मी घरी येऊन फाडला. तो कोणी दाखवल्यास तो माझा नाही.

परतीच्या एसटीत तिने मला खिडकीची जागा दिली. जोडमोहाचा फाटा आला. मग म्हटले, "हंसा, चुकलं माझं."

"काय चुकलं? निंदायले येतो हे खोटं हाये काय? आज सकाळी कोणं निंदलं, तुमच्या जावेनं?"

"मग नातं काय लिहू, तूच सांग."

तिने पिशवी मांडीवर घेतली. "हरळी लिहा," म्हणाली. "किती उपटा, निघत नाही." आणि इतक्या मोठ्याने हसली की कंडक्टरने मागे वळून पाहिले. मला हसता आले नाही. तिलाही ते फार वेळ जमले नाही.

म्हणून इथे लिहिते. अर्जनवीसाने खरे कारण मागितले, ते हे: हंसाबाई राठोड ही माझ्या नवऱ्याची बायको आहे. मी त्यांची बायको होते तेवढीच. रामराव शेवटच्या आजारात अंथरुणावर होते तेव्हा त्यांचे अंथरूण आम्ही दोघींनी काढले, आणि ते गेल्यावर कुंकू दोघींचे गेले. माझे पुसायला बायका आल्या होत्या. तिचे तिने स्वतः विहिरीवर जाऊन धुतले. कायदा तिला ओळखत नसेल तर ती कायद्याची अडचण आहे. मी ओळखत होते आणि विचारल्यावर नाही म्हणाले, ही माझी आहे.

६. आता वाडीबद्दल. हे एवढ्यासाठी लिहिते की उद्या कोणी म्हणू नये, आयती वाडी मिळाली. जिथे आज वांगी, सांबार (कोथिंबीर), मेथी आणि संत्र्याची झाडे दिसतात, तिथे छप्पन साली गुडघाभर गवत होते. ते कसे काढले, हे पुढे ज्याच्या हाती वाडी जाईल त्यालाही उपयोगी पडेल.

लव्हाळा उपटू नये. वरून ओढला की पात हातात येते आणि गाठ खाली राहते. एका गाठीच्या मग चार होतात. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवावा, सकाळी खुरप्याने खाली जाऊन गाठ सापडेपर्यंत माती उकरावी. तुरा आलेला लव्हाळा एकही राहू देऊ नये. याबाबतीत माझे बरोबर होते आणि हंसाबाईचे चूक. तिचे म्हणणे हात चालव, पुन्हा आला तर पुन्हा काढू. दोन पावसाळे आम्ही यावरून भांडलो.

हरळीच्या बाबतीत माझे चुकले. हरळी वैशाखात खणायची, मुळ्या उन्हात उलट्या टाकायच्या, हे मला माहेरून ठाऊक होते. पण वाळलेल्या दिसल्या म्हणून मी त्या खताच्या खड्ड्यात टाकल्या. पुढच्या वर्षी ते खत सगळ्या वाफ्यांना घातले. श्रावणात पाहिले तर वांग्यात हरळी, मेथीत हरळी, संत्र्याच्या आळ्यातही हरळी. हंसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, लोक जवारी पेरतात. तुमी बरी हे पेरली." तेव्हापासून मुळ्या जाळतो आणि राख तेवढी खतात घालतो. एक कांडे राहिले तरी ते पुन्हा धरते, म्हणून खणून झालेली माती हाताने चाळावी.

काढणे सोपे, पुन्हा येऊ न देणे अवघड. मोकळी माती दिसली की गवत येणारच. पावसाळ्यात जो वाफा रिकामा असेल त्यात ताग दाट पेरावा, आणि फुलावर यायच्या आत तो कापून मातीत गाडावा. ओळींच्या मध्ये तुरीचे काड आणि सुका पाला जाड अंथरावा. पाणी सरीतूनच द्यावे, सगळीकडे सोडू नये. केना, आघाडा, तरोटा यांना बी धरायच्या आत काढावे. तरोट्याची कोवळी पाने खुडून भाजी करावी, म्हणजे काढण्याचा कंटाळा येत नाही. हे शेवटचे हंसाबाईचे.

आठ वर्षे आम्ही दोघी पाठीला पाठ लावून असे बसलो आहोत. वाडीत आमच्यात मालकीण कोणी नव्हते. चुलीपाशी नव्हते असे म्हणवत नाही, आणि देवघरापाशी होते.

७. विहिरीच्या पूर्वेला दगडाची कड लावलेला एक वाफा आहे. तो दूर्वांचा. भोयरांच्या घरातून दर चतुर्थीला गावच्या चिंतामणी गणपतीला दूर्वांची जुडी जाते, ती याच वाफ्यातली. आमच्या घरचा नियम असा की त्या लग्नाच्या सुनेने न्हाऊन तोडायच्या. देवळात मला आजवर कोणी विचारले नाही की या कोणी तोडल्या. नियम आमच्या घरातला आहे, देवाचा नाही.

ज्याने वाडी केली आहे त्याला हे माहीत असते, पण म्हणत कोणी नाही: दूर्वा म्हणजे हरळीच. एकच गवत. कडेच्या आत ती दूर्वा, बाहेर पाय टाकला की हरळी. आणि वाडीत हरळी पुन्हा पुन्हा येते ती या वाफ्यातून. दगडाच्या खालून मुळी सरकते, दगडावरून वेल उतरतो. दर पंधरवड्याला हंसाबाई कडेला खुरपे घालून बाहेर आलेली हरळी काढते. कडेच्या आतल्या पात्याला तिने हात लावायचा नाही. एकदा ती म्हणाली होती, "काढाची असल तं देवाचीबी काढा. नाही तं मले म्हणू नका हरळी निघत नाही." मी ते चेष्टेवारी नेले.

गेल्या माघात मला वाकणे जमेना. चतुर्थी होती. ती म्हणाली, "बाई, म्या न्हाली हाओ. तोडतो म्या. कोणाले कळते?"

मी म्हटले, "नको. तू नको."

एवढेच म्हटले, आणि गुडघे टेकून वाफ्यापाशी बसले. पोटात कळ आली, पुढे पडणार तोच तिने मागून बगलेत हात घालून मला धरले. तिने धरून ठेवले आणि मी एकवीस पाती तोडली. तिचे हात माझ्या अंगाला लागलेले देवाला चालत होते. गवताला लागलेले चालणार नव्हते. जुडी बांधून झाल्यावर तिने मला उठवले, माझ्या गुडघ्यांची माती झटकली, आणि खुरपे घेऊन कडेबाहेरची हरळी काढायला बसली. मी देवळात गेले. काय मागितले ते आठवत नाही. नजर वर करता आली नाही, एवढे आठवते.

फाल्गुनात आणि चैत्रातही असेच झाले. ही फार जुनी गोष्ट नाही. गेल्या महिन्याची आहे.

८. किरकोळ वस्तू. रामरावांची शिसवी खुर्ची बापूजी भावजींना. तांब्याचे घंगाळ विमलताईने तिच्या भाचीच्या लग्नाला म्हणून नेले होते. ते तिच्याचकडे आहे, आता तिचेच समजावे, आणि पुढच्या वेळी माझ्याबद्दल बोलताना ते आठवावे. माझी दोन लुगडी शेजारच्या कांताबाईंना, त्या हे कलम ऐकून नको म्हणतील, तरी द्यावीत. पोथ्या देवघरासह हंसाबाईला. तिला वाचता येत नाही. कोणाकडून तरी वाचून घेईल, किंवा नाही घेणार, तिची मर्जी.

९. दूर्वांचा वाफा वाडीबरोबर हंसाबाईचा आहे, हे कलम तीनमध्ये आलेच. परंतु वाफा दिला आणि हात लावण्याचा अधिकार दिला नाही, असे कोणी म्हणू नये म्हणून वेगळे लिहिते: भोयरांच्या घरची जुडी यापुढे हंसाबाईने तोडावी, हंसाबाईने बांधावी, आणि तिला वाटल्यास तिनेच न्यावी.

हे लिहून मी कालपासून थांबले होते. कारण मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. म्हणजे माझे धाडसही मेल्यावरच लागू होणार. आपण नसताना दुसऱ्याने शूर व्हावे, त्यातला हा प्रकार. आणि नागपूरहून मी जिवंत परत आले तर पुन्हा चतुर्थीला गुडघे टेकून बसणार, ती मला मागून धरणार. तेव्हा बाकी कलमे माझ्या पश्चात, हे कलम आजपासून. येत्या चतुर्थीला मी या घरात असेन. दूर्वा ती तोडेल. मी खाटेवर बसून बघेन.

भावजींना हे मान्य नसेल, तर त्यांच्यावर बळजबरी नाही. त्यांनी वाफ्यातला एक तुकडा खणून आपल्या अंगणात न्यावा आणि आपल्या सुनेकडून तोडून घ्यावा. फार नको, एक कांडे पुरे. दुसऱ्या पावसाळ्यात सारे अंगण दूर्वांचेच असेल. कशी काढायची ते कलम सहामध्ये लिहिले आहे.

१०. मी बरी होऊन परत आले तरी हा कागद फाडणार नाही.

साक्षीदारांचे म्हणणे:

वरील मजकूर इंदुबाई भोयर यांनी त्यांच्या घरी आम्हा दोघांसमोर स्वतः मोठ्याने वाचला. हंसाबाई राठोड दाराशी उभी होती. इंदुबाईंनी तिला आत बोलावले. ती म्हणाली, "मी हितंच बरी हाओ." इंदुबाईंनी तिला हात धरून आपल्या शेजारी सतरंजीवर बसवले व मग वाचायला सुरुवात केली. कलम पाचचा शेवट वाचताना त्या थांबल्या. पुढचे आम्ही वाचू का असे विचारले असता म्हणाल्या, "नाही. हे मलाच वाचावं लागल." पहिल्यांदा आवाज नीट आला नाही म्हणून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले. दोन्ही वेळा आम्हाला स्पष्ट ऐकू आले. नंतर त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

सही: इंदुबाई रामराव भोयर

साक्षीदार:
फुलचंद हिरालाल लुणावत, किराणा दुकानदार, कळंब
कांताबाई गणपतराव गुल्हाने, शेजारीण, कळंब (लुगड्यांना नको म्हटले आहे)

मुक्काम कळंब, दिनांक १३ मे १९६४